मोठं झाड पाडताना काय कापायचं नसतं

बुंध्याला करवत लावली, आरपार नेली आणि झाड पडलं. दुरून बघणाऱ्याला झाडतोड अशीच दिसते. पण मोठं झाड खरोखरच आरपार कापलं, तर ते कुठे पडेल यावर माणसाचा काडीचाही ताबा राहत नाही. झाडाचा स्वतःच्याच खुंटावर नुसता टेकून उभा असलेला काही टनांचा खांब होतो. वारा, फांद्यांचं वजन, खोडाचा कल, यातलं जे जड भरेल तिकडे तो जाईल. पाडणारा त्या बाजूला उभा असेल, तर त्याच्या अंगावर जाईल.

म्हणून जाणकार माणूस करवत सुरू करण्याआधी एक गोष्ट पक्की ठरवतो. खोडातला कुठला भाग कापायचा नाही, तो किती जाड ठेवायचा आणि तो किती वेळ तग धरेल? या लेखात पुढे जे काही येईल, ते सगळं या न कापलेल्या लाकडाभोवती फिरतं. आणि एक गोष्ट आधीच सांगतो. हे वाचून कुणी मोठं झाड पाडायला जाऊ नये. हे काम अनुभवी माणसाच्या शेजारी उभं राहून, लहान झाडांपासून सुरुवात करून शिकायचं असतं. पण आपल्या डोळ्यांसमोर कुणी झाड पाडत असेल, तर तो बरोबर करतोय की जिवाशी खेळतोय, एवढं कळण्यापुरतं हे प्रत्येकाला माहीत असायला हवं.

आधी वजनाचा अंदाज घेऊ. एक मीटर व्यासाच्या खोडाचा एक मीटर लांबीचा ओंडका म्हणजे पाऊण घनमीटरहून थोडं जास्त लाकूड. ओल्या लाकडाचं वजन जातीनुसार बदलतं, पण बऱ्याच जातींत ते घनमीटरला ८०० ते १००० किलोच्या आसपास असतं. म्हणजे हा एक ओंडका ६०० ते ८०० किलोंचा झाला, एखाद्या लहान मोटारीएवढा. अशा अनेक मोटारी एकावर एक रचल्यात आणि वर फांद्यांचा डोलारा आहे, असं झाड डोळ्यांसमोर आणा. हे वजन एकदा हललं की दोर धरून, हाताने ढकलून ते थोपवता येत नाही. जे ठरवायचं ते हलण्याआधीच ठरवावं लागतं.

करवतीआधीची पाहणी

पहिला प्रश्न असतो, झाडाला स्वतःला कुठे जायचंय? खोडाचा कल नुसत्या नजरेने फसवतो, कारण उतारावर उभं राहिलं की सरळ झाडही वाकडं दिसतं. गवंडी भिंत तपासतो तसा ओळंबा इथेही कामी येतो. दोरीला दगड बांधून ती डोळ्यांसमोर धरायची आणि झाड दोन दिशांनी पाहायचं, दुसरी दिशा पहिलीशी काटकोनात. एकाच बाजूने पाहिलं तर आपल्याकडे झुकलेलं झाड सरळच वाटतं. शिवाय खोड एकीकडे कललेलं आणि जड फांद्या दुसरीकडे, असं अनेकदा असतं. तिथे दोन्हींचा मिळून तोल कुठे जातोय, ते ठरवावं लागतं.

दुसरा प्रश्न उंचीचा. आपल्या डोळ्यापासून मुठीपर्यंत जितकं अंतर, तितकी काठी मुठीच्या वर उभी धरायची आणि काठीचं टोक झाडाच्या शेंड्याशी, मूठ बुंध्याशी जुळेपर्यंत मागे सरकायचं. सपाट जमिनीवर त्या क्षणी आपलं झाडापासूनचं अंतर हीच झाडाची उंची. पाडणाऱ्याखेरीज बाकीच्यांनी किमान याच्या दुप्पट अंतरावर राहायचं. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा नियमांतही झाडाच्या उंचीच्या दुपटीचंच अंतर धरलेलं आहे. दुप्पट कशासाठी? पडणाऱ्या झाडाचा शेंडा दुसऱ्या झाडावर आदळून तेही पडू शकतं, आणि तुटलेल्या फांद्या भाल्यासारख्या पुढे फेकल्या जातात.

तिसरं म्हणजे वर बघणं. वाळलेल्या, तुटून नुसत्या अडकलेल्या फांद्या करवतीच्या कंपनाने सुटतात. इंग्रजी बोलणाऱ्या लाकूडतोड्यांनी अशा फांदीला ‘विडोमेकर’, म्हणजे विधवा करणारी, असं नाव ठेवलंय. ज्या कामात एका सुक्या फांदीला असं नाव पडतं, तिथे ते किती बायकांच्या अनुभवातून आलं असेल! हेल्मेट हवंच, पण वीस मीटरवरून येणाऱ्या जड फांदीपुढे हेल्मेटचा उपयोग मर्यादित आहे. खरा बचाव काम सुरू असताना पुन्हा पुन्हा वर बघण्यात आहे.

आणि पळवाट. झाड ज्या दिशेला पाडायचं, तिच्या विरुद्ध दिशेपासून ४५ अंश डावीकडे आणि ४५ अंश उजवीकडे, अशा दोन तिरप्या वाटा आधीच साफ करून ठेवतात. दगड, वेली, पडलेल्या फांद्या, सगळं बाजूला. बरोबर मागे पळणं सर्वांत वाईट. शेंडा जमिनीला किंवा दुसऱ्या झाडाला टेकला की बुंधा कधीकधी खुंटावरून उसळून थेट मागे येतो. झाड हलायला लागलं की करवत थांबवून तिरपं निघून जायचं, उभं राहून बघत बसायचं नाही.

बिजागरी

आता कापणं. ज्या दिशेला झाड पाडायचं, त्या बाजूला आधी एक पाचरीच्या आकाराची खाच घेतात. तिची खोली व्यासाच्या साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतकी. मग उलट बाजूने मागचा काप येतो. हे दोन्ही एकमेकांना कधीही भेटू द्यायचे नसतात. मधे लाकडाची एक पट्टी शिल्लक राहते, जाडीला व्यासाच्या सुमारे दहावा हिस्सा. ६० सेंटिमीटर व्यासाच्या झाडात खाच १२ ते १५ सेंटिमीटर आणि पट्टी ६ सेंटिमीटर. हीच झाडाची बिजागरी. दाराची बिजागरी दाराला एकाच वाटेने फिरू देते, तसं ही पट्टी झाडाला एकाच दिशेने वाकू देते. खाच जिकडे तोंड करून असेल, तिकडेच झाड जातं.

ही पट्टी दोन्ही टोकांना सारख्या जाडीची असावी लागते. एका बाजूला जास्त कापलं गेलं तर ती बाजू आधी तुटते आणि झाड दुसऱ्या बाजूला ओढलं जातं. आणि घाईत किंवा चुकून संपूर्ण पट्टीच कापली गेली, तर लेखाच्या सुरुवातीचा तो मोकळा खांब तयार होतो.

खाच किती उघडी ठेवायची यालाही कारण आहे. झाड कलत जातं तसं खाचेचं तोंड मिटत जातं. ते पूर्ण मिटलं की बिजागरी आणखी वाकू शकत नाही, ती तुटते. खाच ४५ अंशांची असेल तर झाड अर्ध्या वाटेवर असतानाच हे होतं आणि उरलेली अर्धी वाट ते मोकळं सुटलेलं असतं. ७० ते ९० अंश उघडली तर झाड जवळपास जमिनीला टेकेपर्यंत खुंटाला धरून राहतं. जिथे जागा चिंचोळी आहे, तिथे मला तरी मोठ्या तोंडाचीच खाच योग्य वाटते.

खाचेचे दोन काप एकाच रेषेत भेटले पाहिजेत. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण एक काप दोन-तीन सेंटिमीटर जास्त आत गेला तर खाचेच्या मागे एक बारीक चीर राहते. झाड जरासं कललं की ती चीर मिटते. बाहेरून खाच मोठी उघडी दिसते आणि आत मात्र बिजागरी तेवढ्यातच अडकलेली असते. मग ती तरी अवेळी तुटते, नाहीतर खोड उभं फाटतं.

मागच्या कापात करवत पुरेशी आत गेली की लगेच पाचर ठोकतात. लोखंडी नाही, प्लॅस्टिकची, कारण चेनसॉच्या, म्हणजे यंत्रावर चालणाऱ्या साखळीच्या करवतीच्या, चालत्या साखळीला ती लागली तरी दात तुटत नाहीत. पाचरीचं पहिलं काम म्हणजे झाडाला मागे बसू न देणं. मागे बसलेलं झाड करवतीची पट्टी दाबून धरतं आणि मग ना पुढे जाता येतं ना मागे. दुसरं काम झाडाला पुढे उचलणं. २५ मीटर उंचीच्या झाडात बिजागरीपासून मागच्या कडेपर्यंत ५० सेंटिमीटर अंतर असेल आणि पाचरीने ती कड अडीच सेंटिमीटर उचलली, तर शेंडा जवळपास सव्वा मीटर पुढे जातो. नुसता तरफेचा हिशोब. पण हा हिशोब उलटही चालतो. शेंड्यावर आलेली वाऱ्याची एक झुळूक त्याच तरफेने बुंध्याशी प्रचंड जोर लावते. म्हणून सोसाट्याच्या वाऱ्यात मोठं झाड पाडत नाहीत.

न्हाव्याची खुर्ची

ज्या झाडाला पुढे, पाडायच्याच दिशेला भरपूर कल आहे, ते सोपं वाटतं. आपोआपच तर जाणार! अनुभवी माणसं अशाच झाडाला सर्वांत जास्त घाबरतात.

पुढे कललेल्या खोडाच्या मागच्या बाजूचे तंतू ताणलेले असतात. नेहमीसारखं मागून कापत पुढे गेलं, की काप अर्ध्यावर असतानाच वरचं वजन निघायला बघतं. पण तिथे वाकण्याजोगी पातळ बिजागरी अजून झालेलीच नसते, जाडजूड लाकूड असतं. ते वाकत नाही आणि आडवं तुटतही नाही. लाकूड ज्या दिशेने सर्वांत सहज फुटतं, त्या दिशेने म्हणजे उभं फाटतं. चीर काही मीटर वर धावते. खोडाचा मागचा अर्धा भाग त्या उंचीवर टेकून झोक्यासारखा फिरतो आणि त्याचं खालचं टोक मागे, वर, थेट पाडणाऱ्याच्या छातीच्या रेषेत उसळतं. क्षणभराने तो सगळा भार वरून खाली कोसळतो. मागे उरलेल्या फाटक्या उंच खुंटाचा आकार पाठ असलेल्या खुर्चीसारखा दिसतो, म्हणून इंग्रजीत याला न्हाव्याची खुर्ची म्हणतात. ॲश नावाच्या झाडासारख्या सरळ धाग्याच्या, सहज फाटणाऱ्या लाकडात हे जास्त घडतं. एकदा चीर सुरू झाली की पळायला वेळ मिळत नाही.

यावरचा उपाय म्हणजे आणखी एका ठिकाणी लाकूड न कापणं. आधी खाच घ्यायची. मग मागून सुरुवात करण्याऐवजी करवतीचं टोक बाजूने खोडात खुपसायचं, बिजागरीच्या मागे, आणि तिथून मागच्या कडेकडे कापत यायचं. मागच्या कडेला काही सेंटिमीटरचा पट्टा तसाच ठेवायचा. आता झाड दोन ठिकाणी धरलेलं आहे, पुढे बिजागरी आणि मागे हा पट्टा. मधलं सगळं मोकळं. बिजागरी हव्या त्या जाडीची नीट करून घेता येते, पळवाट पुन्हा पाहता येते, वर नजर टाकता येते. सगळं ठीक वाटलं की मागचा पट्टा कापायचा आणि निघायचं. झाड तत्क्षणी सुटतं, पण तोवर बिजागरी पातळ झालेली असते, म्हणून ते फाटत नाही, वाकतं. ही पद्धत आणि मोठ्या तोंडाची खाच यांची जोडी शिकवण्यात स्वीडनच्या सोरेन एरिकसन यांचं नाव मोठं आहे. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट ही वाटते की झाड केव्हा पडणार ते झाड ठरवत नाही, माणूस ठरवतो.

मात्र टोक खुपसणं हे करवतीचं सर्वांत बेभरवशाचं काम. करवतीच्या पट्टीच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग लाकडाला टेकला, तर साखळी लाकडात अडकून संपूर्ण करवत वर आणि मागे, चेहऱ्याकडे फेकली जाते. साखळी सेकंदाला २० मीटरच्या आसपास धावत असते, डोळ्याची पापणी लवायच्या आत हे घडून गेलेलं असतं. म्हणून सुरुवात टोकाच्या खालच्या अर्ध्या भागाने करतात, थोडी खोबण झाली की मगच पट्टी सरळ आत घालतात. चेनसॉच्या पुढच्या हातापाशी असलेली ढाल याच क्षणासाठी असते. हात तिच्यावर आदळला की साखळीचा ब्रेक लागतो, आणि झटका मोठा असेल तर हात न लागताही लागतो. तो ब्रेक बिघडलेला असेल तर त्या दिवशी काम नाही. सुरक्षा-पँटचंही तसंच. तिच्या आत लांब तंतूंचे थर असतात, साखळी कापडात शिरली की ते तंतू ओढले जाऊन साखळी फिरवणाऱ्या चाकात गुंततात आणि साखळी अडते.

पट्टीपेक्षा मोठी झाडं

करवतीच्या पट्टीपेक्षा खोड रुंद असलं तर दोन्ही बाजूंनी कापत येतात. व्यास पट्टीच्या दुपटीहूनही जास्त असेल, तर मधला गाभा दोन्हीकडून कापायचा राहतो. तिथे खाचेतून, बिजागरीच्या मध्यातून टोक आत घालून गाभा आधीच कापून टाकतात. बिजागरी मग दोन तुकड्यांत राहते, एक डावीकडे, एक उजवीकडे. दार धरायला वर-खाली दोन बिजागऱ्या पुरतात, तसंच हे. फार मोठ्या झाडांत बिजागरीची जाडी दहाव्या हिश्श्यापेक्षा कमी ठेवतात, नाहीतर ती इतकी जाड होते की वाकतच नाही.

चेनसॉ नव्हती तेव्हाची एक हकिगत इथे सांगायलाच हवी. १८५३ साली कॅलिफोर्नियातल्या कॅलाव्हेरसमध्ये सिकोया जातीचा एक अवाढव्य वृक्ष पाडला गेला. एवढ्या रुंदीला पुरेल अशी करवतच नव्हती, म्हणून पाच माणसांनी लांब गिरमिटांनी बुंध्यात आरपार भोकं पाडत नेली. सगळं मिळून २२ दिवस लागले. आणि खोड पूर्ण तुटल्यावरही झाड उभंच राहिलं, कारण ते सरळ होतं आणि बुंधा इतका रुंद होता की तोल ढळेचना. शेवटी पाचरी ठोकून ते ढकलण्यातच अडीच दिवस गेले. ना खाच, ना बिजागरी. ते कुणाच्या अंगावर आलं नाही हे त्या माणसांचं नशीब. पुढे त्या खुंटावर नाच व्हायचे. हजार वर्षांहून जुन्या झाडाचा तो शेवट वाचताना मला अजूनही वाईट वाटतं.

न कापलेल्या लाकडावर भरवसाच नसेल तर

इथवर सगळं निरोगी लाकडाबद्दल झालं. खरा धोका पुढे आहे, कारण पाडावी लागणारी मोठी झाडं बहुधा मेलेली, पोकळ, जळालेली किंवा वादळात अर्धी उपटलेली असतात. बिजागरीचा सगळा खेळ तंतू वाकण्यावर चालतो आणि सुकलेल्या, कुजलेल्या लाकडाचे तंतू वाकत नाहीत, खटकन मोडतात.

खोडावर कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने ठोकून पाहिलं तर भरीव लाकूड खणखणीत वाजतं, पोकळ लाकूड ढोलासारखं. बुंध्याशी अळंबी उगवलेली असेल तर आत बुरशी आहे हे धरून चाला. करवतीचं टोक आत घालून भुसाही तपासतात. फिकट, चिवट भुसा हळूहळू काळपट आणि पिठासारखा होऊ लागला की तिथून पुढे कूज. पोकळ झाडात बिजागरीचा मधला भाग नसतोच, फक्त दोन कडांना चांगलं लाकूड असतं, म्हणून ती नेहमीपेक्षा जाड ठेवावी लागते.

मेलेल्या झाडात पाचर ठोकणं हाच धोका. घणाचा प्रत्येक ठोका खोडातून वर जातो आणि शेंडा किंवा सालीचा मोठा पापुद्रा सुटून खाली येतो, नेमका जिथे घण मारणारा उभा आहे तिथे. अशा झाडाला दोर बांधून लांबून ओढणं बरं. दोर कापण्याआधी आणि शक्य तितका वर बांधायचा, ओढणारं यंत्र झाडाच्या उंचीपेक्षा लांब ठेवायचं किंवा कप्पीने दोराची दिशा बदलून बाजूला ठेवायचं. ओढ सावकाश आणि सलग हवी. गाडीला दोर बांधून हिसका देणं ही मी पाहिलेल्या सल्ल्यांतली सर्वांत घातक कल्पना आहे, कारण दोर तुटला तर तो चाबकासारखा परत येतो. आणि कापण्याआधीच दोर फार ताणला तर सरळ झाडही पुढे कललेल्या झाडासारखं वागतं. मग वरची ती न्हाव्याची खुर्ची.

आजूबाजूला घरं, रस्ता किंवा माणसं असतील तर झाड अखंड पाडतच नाहीत, वरून तुकड्यातुकड्यांनी उतरवतात. तिथेही गणित फसवं असतं. दोराला बांधलेला तुकडा मीटरभर मोकळा पडून मग दोरात अडकला, तर त्या क्षणी दोरावर त्याच्या वजनाच्या कित्येक पट ओढ येते. म्हणून तुकडे लहान घेतात आणि दोर सरकवत सरकवत वेग कमी करतात. मेलेल्या झाडावर माणूस चढवत नाहीत. क्रेन किंवा उचलती शिडी आणतात, कारण चढणाऱ्याचा जीव त्याच संशयास्पद लाकडाला बांधलेला असतो. विजेच्या तारा जवळ असतील तर वीजपुरवठा करणाऱ्यांनी प्रवाह बंद केल्याशिवाय पुढे काहीच करायचं नाही.

अर्धवट पडून दुसऱ्या झाडात अडकलेलं झाड हा आणखी एक सापळा. त्याच्याखाली जाऊन काम करणं, ज्यावर ते टेकलंय ते झाड कापणं किंवा वर आणखी एक झाड पाडून त्याला ढकलणं, या तिन्ही गोष्टींनी माणसं मारली आहेत. त्याचा बुंधा विंचने, म्हणजे दोर गुंडाळत ओढणाऱ्या यंत्राने, मागे, आपल्यापासून दूर ओढून काढतात. ते जमेपर्यंत तो भाग दोरी बांधून बंद ठेवायचा. जेवायला जाताना ते तसंच सोडून द्यायचं नाही.

वादळाने मुळासकट आडवं झालेलं झाडही शांत दिसतं, पण नसतं. उभी राहिलेली मुळांची आणि मातीची ती प्रचंड थाळी खोडाच्या वजनाने तोलून धरलेली असते. खोड कापलं की ती परत खड्ड्यात बसू शकते किंवा पुढे कोसळू शकते. त्या खड्ड्यात खेळायला गेलेलं मूल तिच्याखाली सापडू शकतं. म्हणून कापण्याआधी खड्डा रिकामा आहे हे स्वतः जाऊन पाहतात, थाळीला विंचने धरून ठेवतात आणि बुंध्याचा लांब तुकडा तिला चिकटलेलाच ठेवतात.

आणि काही झाडं अशी असतात की त्यांच्या बुंध्याशी माणसाने उभंच राहू नये. आग लागून आतून पोखरलेलं, वर धुमसणारं, कुठल्या बाजूला किती लाकूड शिल्लक आहे याचा अंदाजही येत नाही असं झाड. जिथे वाट वळवता येते, तिथे वाट वळवून ते स्वतःहून पडेपर्यंत सोडून देतात. सोडून देता येत नसेल तर लांब हाताच्या यंत्राने पाडतात. अमेरिकेच्या वनखात्याकडे तर यासाठी स्फोटकं हाताळणारी प्रशिक्षित माणसं आहेत. ती बुंध्याभोवती सुरुंग लावतात, दूर जातात आणि झाड उडवून पाडतात. झाड हलतं तेव्हा जवळपास कुणीही नसतं.